एक नंबरची कुस्ती



मेल जरा लांबली आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

२०२५ च्या जुलैतली गोष्ट. आमच्या स्टेट कॉलेजला एका मित्राकडे पॉटलक होतं. पोरांनी बेसमेंटमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा 'इव्होल्यूशन' लावला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या कुस्त्या बायकांच्या. मोठी माणसं "खोटं असतं रे सगळं" असं जिन्यातून ओरडायची आणि परत भज्यांकडे वळायची. घरी येताना गाडीत माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, आपल्याकडे होत्या का गं, सॉरी, का रे अशा बायका? पूर्वी?" मी सांगून टाकलं, "नाही गं. आपल्याकडे कुस्ती पुरुषांचीच. दंगल पिक्चरमधलं ते सगळं अलीकडचं."

मी कराडकडचा. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्या शेजारचं. आजोबांच्या खांद्यावर बसून जत्रेचं मैदान बघितलेलं. त्यामुळे कुस्तीतलं आपल्याला कळतं, असा माझा समज. त्या रात्री सहज शोधत बसलो आणि माझं उत्तर साफ चुकीचं निघालं.

जे मैदानाला गेलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जत्रेच्या मैदानात आधी लहान पोरांच्या नारळा-रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. मग इनाम वाढत जातं. उन्हं उतरली की शेवटी लागते ती एक नंबरची कुस्ती. पोस्टरवर फोटो त्या जोडीचा, हलगी खरी तापते ती त्या जोडीला आणि लोक तिकीट काढतात तेही त्याच जोडीसाठी. अमेरिकेतल्या 'मेन इव्हेंट'चा अर्थ नेमका हाच.

आता १९४४ सालची मुंबई बघा. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने बातमी दिली होती की एका कुस्तीसाठी स्टेडियममध्ये सुमारे २०,००० माणसं जमली. एका बाजूला गूंगा पैलवान, दुसऱ्या बाजूला हमीदा बानू नावाची बाई. पण कुस्ती झालीच नाही. गूंगाने ऐनवेळी जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला. चिडलेल्या पब्लिकने स्टेडियमची मोडतोड केली. एका बाईची कुस्ती बघायला मिळाली नाही म्हणून!

हमीदा बानू मूळची उत्तर प्रदेशातली, मिर्झापूरची. अलीगढला सलाम पैलवानाच्या हाताखाली तयार झाली. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. रोजचा व्यायाम सहा तास, झोप नऊ तास. खुराकात साडेपाच लिटरच्या आसपास दूध, कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम आणि दोन प्लेट बिर्याणी. (इथे आपण कॅलरी मोजून ओट्स खातो ;-))

१९५४ च्या फेब्रुवारीत तिने जाहीर आव्हान दिलं, "मला हरवा, मी लग्न करीन." पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन पैलवान तिने लोळवले. मे महिन्यात बडोद्याला छोटा गामा उतरणार होता, त्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं. मग समोर आला बाबा पैलवान. १ मिनिट ३४ सेकंदांत कुस्ती निकाली झाली. ४ मे २०२४ ला गुगलने तिचं डूडल लावलं होतं ते याच कुस्तीच्या आठवणीत. मी त्या दिवशी गुगल पन्नासदा उघडलं असेल, डूडल काही लक्षात नाही. त्याच वर्षी मुंबईत तिने 'रशियाची अस्वल' म्हणून गाजवलेल्या वेरा चिस्टिलिनला एका मिनिटाच्या आत पाडलं.

आता आपल्या भागाकडे येऊ. इथे वाचताना मला बरं वाटलं नाही. पुण्यात तिची कुस्ती रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरली होती. स्थानिक कुस्ती संघटनेने हरकत घेतली आणि ती रद्द झाली. कोल्हापुरात तिने शोभासिंग पंजाबी नावाच्या पैलवानाला हरवलं, तर लोकांनी हुर्यो उडवली आणि दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ज्या गावात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, पैलवानांना आश्रय दिला, त्याच गावात. हमीदाने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर असं की ती बाई आहे म्हणून बंदी नाही, आयोजक तिच्यासमोर नकली प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आहेत.

म्हणजे नुरा कुस्ती. हा संशय मी झटकून टाकणार नाही. तिच्या हयातीत तो होता आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांनीही त्याची नोंद केली आहे. काही कुस्त्या ठरवून झाल्या असतीलही. पण पुरुषांच्या फ्रीस्टाइल दंगलींवरही हाच संशय होता आणि त्या दणक्यात चालू राहिल्या. दुसरं म्हणजे, तिने लढावं कुणाशी? बायकांच्या तालमी नाहीत, वजनगट नाहीत, स्पर्धा नाहीत. तोलामोलाची जोड मिळायची सोयच नाही. मग समोर पुरुष येणार, आणि पुरुष हरला की "ठरवून हरला" म्हणायला पब्लिक मोकळं. या आखाड्यात ती जिंकूनही जिंकत नव्हती.

पुढची कहाणी दुःखाची आहे. तिने युरोपात जाऊन लढायचं जाहीर केलं आणि त्यानंतर ती कुस्तीतून दिसेनाशी झाली. नातवाने नंतर सांगितलं की तिने जाऊ नये म्हणून सलाम पैलवानाने तिला मारहाण केली आणि हात मोडले. उरलेलं आयुष्य तिने कल्याणला काढलं. दुधाचा धंदा केला, पुढे रस्त्यावर खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ मध्ये ती गेली.

आता अमेरिकेकडे. पहिला 'इव्होल्यूशन' २८ ऑक्टोबर २०१८ ला न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर, नॅसॉ कोलिझियममध्ये झाला. फक्त बायकांचा, डब्ल्यूडब्ल्यूईचा असा पहिलाच पे-पर-व्ह्यू. शेवटची जोड रोंडा राउझी आणि निकी बेला. पण याच न्यूयॉर्क राज्यात १९७२ पर्यंत बायकांच्या व्यावसायिक कुस्तीवर बंदी होती. आणि 'इव्होल्यूशन'नंतर पाचच दिवसांनी कंपनीचा रियाधला शो झाला, त्यात एकाही बाईला उतरता आलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये रेसलमेनियाची शेवटची कुस्ती पहिल्यांदाच बायकांची झाली. तरी दुसरा 'इव्होल्यूशन' व्हायला जवळजवळ सात वर्षं गेली, तोच आमच्या पोरांनी लावलेला.

मला यातून एक गोष्ट दिसते. आपण म्हणतो, "काय करणार, बायकांच्या कुस्त्यांना प्रेक्षक नव्हता." प्रेक्षक होता. १९४४ ला वीस हजार होता. नव्हता तो आखाडा. म्हणजे तालीम, वस्ताद, जोड आणि पुढच्या पोरीला "ये, माती लाव अंगाला" म्हणणारं कुणीतरी. त्याशिवाय एखादी हमीदा होते आणि विसरलीही जाते.

आखाडा आता कुठे बनतोय. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती आली २००४ ला. साक्षी मलिकचं ब्राँझ २०१६ चं. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे, महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली. जिंकली सांगलीची प्रतीक्षा बागडी, आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, कल्याणची. जिथे हमीदाने शेवटचे दिवस काढले, ते कल्याण. आणि ही जोड दोन पोरींची होती, त्यामुळे "ठरवून हरला" म्हणायची सोय उरली नाही.

आमचं स्टेट कॉलेज तर कुस्तीवेडं गाव. केल सँडरसनच्या हाताखाली पेन स्टेटने २०११ ते २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद बारा वेळा जिंकलं. रेक हॉलचं तिकीट मिळवणं म्हणजे दिव्य. पण ही सगळी मुलांची टीम. पेनसिल्व्हेनियात शाळकरी मुलींची पहिली अधिकृत राज्य स्पर्धा झाली ती २०२४ मध्ये, हर्शीला.

दुसऱ्या दिवशी लेकीला सांगितलं, "काल बाबा चुकला. होती एक." फोटो दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मग तू मला क्लबचा फॉर्म का नाही भरू देत?" हा फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली दोन आठवडे पडून होता. "दुखापत होईल, पुढच्या वर्षी बघू" वगैरे माझं चालू होतं. तिच्या धाकट्या भावासाठी मी हे म्हटलं असतं का, याचं उत्तर मला माहीत होतं. सही केली. सध्या ती मॅटवर बऱ्याचदा चितपट होते आणि हसत उठते.

एक विनंती. कोल्हापूर, पुणे, कल्याण किंवा मुंबईकडची तुमच्या घरची म्हातारी माणसं असतील, तर पुढच्या फोनवर हमीदा बानूबद्दल नक्की विचारा. १९५४ ला दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या पुढे आहे. कुणी ती कुस्ती बघितली असेल, कुणी कदाचित दगडही मारला असेल. काहीही असो, लिहून पाठवा.

चूभूद्याघ्या.