सौर डाग, दुष्काळ आणि बाजारपेठ : जेव्हन्सच्या सिद्धान्ताची भारतीय बाजू

प्रस्तावना

बाजारभावांचा संबंध आकाशातील ग्रहगोलांशी जोडण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) ‘अर्घकाण्ड’ नावाचा स्वतंत्र अध्याय असून कोणत्या काळी कोणत्या मालाचा संग्रह करावा व तो केव्हा विकावा याचे विवेचन त्यात आढळते. मराठी पंचांगांतील संक्रांतिफल याच परंपरेतील होय. संक्रांत जी वस्त्रे व अलंकार धारण करून येते त्या वस्तू महाग होतात, हा समज महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. व्यापारी पेठांतून ‘तेजी-मंदी’ वर्तवणारे ज्योतिषीही नवे नाहीत. या साऱ्याची गणना सामान्यतः श्रद्धेच्या प्रांतात केली जाते. परंतु एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील एका अग्रगण्य अर्थशास्त्रज्ञाने बाजारातील अरिष्टांचे वेळापत्रक सूर्याच्या आवर्तनांवरून मांडण्याचा प्रयत्न केला होता आणि त्याच्या युक्तिवादातील मधला दुवा भारतीय शेतकरी हा होता. प्रस्तुत लेखात या प्रयत्नाचा मागोवा घेतला आहे.

जेव्हन्सचा सिद्धान्त

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स (१८३५–१८८२) हा सीमान्त उपयोगितेच्या सिद्धान्ताचा एक प्रवर्तक. सूर्यावरील डाग आणि गव्हाचे भाव यांचा संबंध असावा, ही कल्पना मात्र त्याची नव्हे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल याने ती १८०१ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. पुढे १८४३ मध्ये श्वाबे याने डागांची संख्या ठरावीक काळाने वाढते व घटते हे दाखवले आणि वोल्फ याने हे आवर्तन सुमारे ११.१ वर्षांचे असल्याचे निश्चित केले. १८७५ मध्ये जेव्हन्सने ब्रिटिश असोसिएशनच्या ब्रिस्टल येथील अधिवेशनात एक निबंध वाचला. थोरोल्ड रॉजर्सने संकलित केलेल्या मध्ययुगीन इंग्लंडमधील धान्यभावांत अकरा वर्षांचे आवर्तन दिसते, असे त्याचे प्रतिपादन होते. ग्रह सूर्यावर परिणाम करत असतील, सूर्य पिकांवर आणि पिके नाणेबाजारावर, तर मोठमोठ्या व्यापारी आपत्तींचे दूरस्थ कारण ग्रहांच्या स्थितीत सापडू शकेल, असेही त्याने त्यात सुचवले. बृहत्संहितेच्या अभ्यासकाला यात फारसे नवल वाटण्याचे कारण नव्हते.

हा निबंध त्याने पुढे मागे घेतला. त्याचे कारण त्याच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे : तीच आकडेवारी तीन, पाच, सात किंवा नऊ वर्षांच्या आवर्तनांशीही तितकीच जुळते, असे त्याच्या ध्यानात आले होते. दुर्दैवाने ही सावधगिरी टिकली नाही. इंग्लंडमधील व्यापारी अरिष्टांची अठराव्या शतकाच्या आरंभापासूनची यादी केल्यावर दोन अरिष्टांमधील सरासरी अंतर साडेदहा वर्षांच्या आसपास येते, असे त्याला दिसले. वोल्फचे ११.१ वर्षांचे आवर्तन त्याच्याशी जुळत नव्हते. मग ब्राउन याने सुचवलेला सुमारे १०.४५ वर्षांचा काल जेव्हन्सने ग्राह्य मानला. सिद्धान्त सूर्याशी जुळेना तेव्हा त्याने दुसऱ्या मापाचा सूर्य निवडला, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

तथापि एक अडचण उरत होती. इंग्लंडमधील गव्हाचे भाव त्याच्या काळात या आवर्तनानुसार चालत नव्हते. येथे भारत त्याच्या मदतीस आला. १७६३ ते १८३५ या काळातील दिल्लीच्या गव्हाच्या भावांची आकडेवारी त्याच्या हाती आली आणि १८७८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्याने नवी साखळी मांडली. सूर्यतेजातील बदलाने पाऊसमान बदलते. धान्य स्वस्त झाले की भारतातील कोट्यवधी रयतेच्या हाती काही आणे उरतात. त्या आण्यांतून लँकेशायरचे कापड विकले जाते. ही मागणी घटली की मँचेस्टर व लंडन येथे अरिष्ट ओढवते. भारतीय शेतकऱ्याच्या गाठीच्या चार आण्यांना जागतिक व्यापारात इतके महत्त्व तत्कालीन अर्थशास्त्रात क्वचितच कोणी दिले असेल.

मुंबईचा अनुभव

जेव्हन्सच्या यादीत १८६६ चे, ओव्हरेंड गर्नी या पेढीच्या पतनाचे, अरिष्ट होते. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत जे घडले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होताच तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवण्याच्या योजना यांचे पेव फुटले. बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये दर्शनी किमतीचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी शेकडो व्यापारी देणी भागवू शकले नाहीत. बँक ऑफ बॉम्बेही त्यातून सावरली नाही. या घटनाक्रमात सूर्याला कोठेही जागा नाही. कारणे रिचमंड व लिव्हरपूलच्या बातम्यांत होती. कापसाच्या तेजीत सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्ज दिले होते. तेजी ओसरल्यावर वसुलीचा तगादा लागला आणि १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा उसळून तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्याच वर्षी मुंबईतील दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची मूळ संस्था होय.

दुष्काळ आणि सूर्य

१८७६–७८ च्या दुष्काळात मद्रास, म्हैसूर आणि मुंबई इलाख्यातील दख्खन भाग होरपळला. मृतांची संख्या पन्नास लाखांहून अधिक मानली जाते. याच काळात, नोव्हेंबर १८७७ मध्ये, ‘नेचर’चा संपादक नॉर्मन लॉकियर आणि भारत सरकारच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख विल्यम हंटर यांनी सौर डाग व दुष्काळ यांच्या संबंधावर संयुक्त लेख प्रसिद्ध केला. हेतू काहीही असो, आपत्ती सूर्यावरून आलेली ठरली म्हणजे सरकारकडे प्रश्न विचारण्याचे कारण उरत नव्हते. प्रत्यक्षात प्रश्न पुष्कळ होते. धान्याची निर्यात थांबवण्यात आली नाही. रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरील मजुराच्या मजुरीतील धान्याचे प्रमाण दिवसाला एक पौंडापर्यंत खाली आणले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सभेच्या निवेदनांत आकडेवारी होती, परंतु ती पर्जन्याची, पिकांची व मजुरीची; सूर्याची नव्हे.

पुढील वाटचाल

१९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामानखात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी सौर डाग व पर्जन्य यांचे सहसंबंध गणिताने तपासले. ते भाकितास उपयोगी पडण्याइतके बळकट आढळले नाहीत. याच शोधातून त्यांच्या हाती ‘दक्षिणी आंदोलन’ लागले. १८७७ च्या अवर्षणामागे प्रशांत महासागरातील प्रबळ एल निनो होता, हे आज ज्ञात आहे. पाऊस आणि बाजार यांचा जेव्हन्सने पाहिलेला संबंध खोटा नव्हता. त्याने पावसाचे कारण चुकीच्या दिशेला शोधले. अमेरिकेत हेन्री लडवेल मूर यांनी १९२३ मध्ये शुक्राच्या आठ वर्षांच्या आवर्तनावर व्यापारचक्रांचा सिद्धान्त उभारला, पण त्याला मान्यता मिळाली नाही. १९२७ मध्ये रशियन गणितज्ञ स्लुत्स्की यांनी निव्वळ यादृच्छिक आकड्यांच्या बेरजांतूनही व्यापारचक्रासारखे चढउतार निर्माण होतात हे दाखवून दिले. जेव्हन्सला १८७५ नंतर पडलेल्या कोड्याचे, एकाच आकडेवारीत अनेक आवर्तने का दिसावीत याचे, ते बऱ्याच अंशी उत्तर होते.

जेव्हन्स मात्र अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिला. जुलै १८८२ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याने सौर-व्यापारी आवर्तनावर पुन्हा लिहिले आणि ऑगस्टमध्ये समुद्रात पोहताना त्याचा मृत्यू झाला. त्याचा मुलगा हर्बर्ट स्टॅन्ली जेव्हन्स याने सूर्याच्या उष्णतेचे सुमारे साडेतीन वर्षांचे आवर्तन मांडून वडिलांचे काम पुढे नेले. १९१४ मध्ये तो अलाहाबाद विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला आणि १९१६ मध्ये त्याने ‘इंडियन जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ हे नियतकालिक सुरू केले.