पांढरीतली खापरे

महाराष्ट्राचा इतिहास ज्या साधनांवर रचला गेला, त्यांत सनदा, महजर, ताम्रपट आणि शिलालेख यांना जो मान मिळाला, तो जुन्या पांढरीत, म्हणजे ओसाड पडलेल्या गावठाणाच्या मातीत, विखुरलेल्या खापरांना फार उशिरा मिळाला. आणि तरीही, ज्या काळी या भूमीत कोणी अक्षर लिहीत नव्हते, त्या काळच्या माणसांविषयी आपल्याला जे ज्ञात आहे, त्याचा फार मोठा भाग कुंभाराच्या हातूनच आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

1950-51 साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे येथे उत्खनन केले, आणि तेथील मृद्भांड्यांमुळे एका समग्र ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला त्या लहानशा खेड्याचे नाव मिळाले. वेगवान चाकावर घडवलेली, अंगाने पातळ, भट्टीत इतकी उत्तम भाजलेली की टिचकी मारताच धातूसारखा नाद निघावा, लालसर पृष्ठभागावर काळ्या रंगाने भौमितिक आकृती रेखलेली ही भांडी, आणि त्यांतही पसरट तोंडाचा तो तोटीचा चंबू, पाहिला म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला माती, अग्नी आणि प्रमाण या तिहींचे किती सूक्ष्म ज्ञान होते, याविषयी शंका राहत नाही.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावने या कारागिराला त्याच्या गावासह आपल्यासमोर उभे केले. 1968 पासून 1982 पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे जे उत्खनन केले, त्यात इ. स. पू. सुमारे 1600 ते 700 या नऊ शतकांची वसती उलगडली, भट्टीचे अवशेष मिळाले आणि कुंभाराचे घरही ओळखता आले. दगावलेल्या बालकांना दोन कुंभांत, त्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, घराच्याच जमिनीखाली पुरण्याची तेथे रीत होती. म्हणजे धान्य साठवण्यापासून लेकराला निरोप देण्यापर्यंत सारा संसार कुंभाराच्या हातच्या वस्तूंवर चालत असे. परंतु मला अधिक विचार करायला लावते ती पुढची हकीकत. इ. स. पू. 1000 च्या सुमारास पर्जन्यमान घटले असावे, असे संशोधकांचे मत आहे. त्यानंतरच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात, आणि भांडी जाडीभरडी होतात, त्यांवरची रंगीत नक्षीही विरळ होत जाते. कुंभाराचे कौशल्य त्याच्या एकट्याच्या बोटांत नसते, ते गावाच्या खळ्यावरही अवलंबून असते, हे या खापरांइतके स्पष्टपणे कोणत्याही दस्तऐवजाने सांगितलेले नाही.

खळ्याशी असलेला हा संबंध पुढे बलुतेदारीच्या व्यवस्थेत रूढ झाला. बारा बलुतेदारांच्या एका प्रचलित वर्गवारीत कुंभाराचे स्थान मधल्या ओळीत. सुगीला खळ्यावर त्याच्या हक्काचे धान्य त्याला मिळे, आणि त्याबदल्यात गाडगी, घागरी, डेरे, रांजण, परळ तर तो पुरवीच, शिवाय संक्रांतीची सुगडे, बेंदराचे मातीचे बैल, नवरात्राचे घट आणि अंत्ययात्रेचे मडकेही त्याच्याच घरून येई. वतनदारीचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही, कारण तीत माणूस जन्माने एका जागी जखडला जाई. परंतु वर्षभराच्या श्रमाचे मोल त्या व्यवस्थेने निदान मान्य केले होते. चाकावर जाडसर घडवलेले मडके ओलसर असतानाच आतून गुंडा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत त्याचे अंग पातळ करायचे, हे काम पाहिलेल्या माणसाला त्या श्रमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

तेच थापटणे संतकथेतही आले आहे. गोरोबाकाकांनी ते संतमंडळींच्या मस्तकांवर मारून कोण कच्चा आणि कोण पक्का ते पारखले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही आख्यायिका मराठी माणसाला परिचित आहे. गोरोबाकाकांचे गाव तेर म्हणजेच प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेखिलेली ही बाजारपेठ. सातवाहनकाळात तेथील कारागीर दुहेरी साच्यांतून मातीच्या ज्या नाजूक मूर्ती काढीत, त्या आज तेथील लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात.

इंग्रजी अमदानीत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झिलईची भांडी तयार झाली, अजिंठ्याच्या चित्रांतील आकृतींनी ती नटली आणि परदेशी प्रदर्शनांतही गेली. खेड्यातल्या कुंभाराच्या आव्यापर्यंत मात्र त्या प्रयोगाची ऊब फारशी पोहोचली नाही. पुढे ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि प्लॅस्टिक आले, बलुते संपले, आणि उन्हाळ्यातील माठ, दिवाळीतील पणत्या व सणांची सुगडे-घट एवढ्यावर त्याची उपजीविका येऊन ठेपली.

जुन्या पांढरीची माती शेतात टाकण्यासाठी किंवा धाब्यावर पसरण्यासाठी खणून नेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि तीत कितीतरी प्राचीन वसाहतींचे थर नष्ट झाले आहेत. वाचकांपैकी कुणाच्या गावाशेजारी अशी पांढर असेल, आणि तीत काळ्या रेषांची लाल खापरे दिसत असतील, तर त्यांनी ती उकरू नये, उकरू देऊ नये, आणि पुरातत्त्व खात्याला एक पत्र अवश्य लिहावे.