चिलापीचा अनोळखी विषाणू

उजनीकडं ज्याला चिलापी म्हणतात, त्या तिलापियाची ही गोष्ट, पण घडली इस्रायलमध्ये. गालिली सरोवरात हे मासे कमी मिळू लागले होते. 2009 पासून मत्स्यतळ्यांतही मरायला लागले. कारण कळेना. 2014 मध्ये संशोधकांनी माशांच्या पेशींत विषाणू वाढवून दाखवला, पीसीआर चाचणीही बनवली. पण हा कोणत्या घराण्यातला?

2016 मध्ये सगळा जनुकसंच वाचून झाला. आरएनएचे 10 तुकडे. मला भारी वाटतं ते इथं: एका तुकड्याचं फ्लूच्या विषाणूशी पुसटसं साम्य, बाकीचे 9 कुणाशीच जुळेनात! तुकड्यांच्या टोकांची ठेवण मात्र फ्लूच्या घराण्यातली निघाली.

2018 मध्ये हाच विषाणू पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या चिलापीतही सापडल्याचं प्रसिद्ध झालं.