नान्नजचा माळ आणि नवी पेठ

सोलापूरच्या नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान. नान्नज, मार्डी, वडाळ्याकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडे येतात. द्राक्षाला भाव लागला की बस्ता फुगतो. माळढोक पक्षी मी जास्त ऐकला तो याच गिऱ्हाइकांच्या तोंडून, आणि बहुतेक वेळा शिव्यांसकट.

1972च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नजच्या माळाचे काही तुकडे चराईपासून राखले गेले. गवत वाढलं, टोळ वाढले, मीटरभर उंचीचा हा पक्षी तिथे टिकला. मग 1979 साली अभयारण्य जाहीर झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं! पक्षी राखलेल्या गवतात आणि भोवतालच्या पडीक रानात. बंधनं मात्र करमाळ्यापासून पार नगरच्या नेवाशापर्यंत. जमिनीचा व्यवहार अडला की खापर पाखरावर. ज्यानं जन्मात माळढोक पाहिला नव्हता, तोही त्याच्या नावानं बोटं मोडायचा. माझ्या मते पक्ष्याचं पहिलं नुकसान त्या नकाशानं केलं. पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर मनं विटली होती.

रानही बदललं होतं. ज्वारी-तुरीच्या कोरडवाहू शिवारात माळढोक बिनघोर चरायचा. बोअरचं पाणी आलं, ऊस आला, द्राक्षाचे मांडव उभे राहिले. शरद सीडलेस हे वाण नान्नजच्याच नानासाहेब काळ्यांचं. त्या पैशावर आमच्या पेठेचा गल्ला भरला, हेही खरंच. पण मांडवाखाली माळढोक उतरत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे उडताना समोरची वीजवाहिनी वेळेत दिसत नाही.

गंगेतल्या डॉल्फिनची आपण काळजी करतो, तरी 2025च्या अहवालात देशातले नदी-डॉल्फिन 6,327 भरले. माळढोक जगात दीडशेच्या आसपास उरलेत आणि तेही मुख्यतः राजस्थानात. नान्नजच्या गणनेत अलीकडे कधी एखादी मादी दिसते, कधी तीही नाही. लोक आता तिथे काळवीट आणि लांडगे बघायला जातात.

जैसलमेरजवळ सम इथल्या केंद्रात 2019पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्लं वाढवतात. त्यांतली काही इकडे आणावीत, असं कुणी म्हणालं की मी विचारतो, सोडणार कुठे? आधी कोरडवाहू ज्वारी परवडेल असा भाव शेतकऱ्याला द्या, आणि तारा जमिनीखाली घाला.