लग्नाच्या दिवशीचा उपास



गेल्या महिन्यात आमच्या विवाहपूर्व वर्गात मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचत होतो. वर सोबत असताना वऱ्हाडी उपास करत नाहीत, असे प्रभू येशू तिथे सांगतो. पुढच्याच महिन्यात लग्न असलेल्या एका मुलीने विचारले, "सर, वऱ्हाडी जेवले हो, पण नवरा-नवरी?" सगळे हसले, मीही हसलो. उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा त्या हसण्याची थोडी लाज वाटली.

यहुदी लोकांत, विशेषतः जर्मनी-पोलंडकडच्या अश्केनाझी परंपरेत, नवरा-नवरी लग्नाच्या दिवशी पहाटेपासून उपास धरतात. पाणीसुद्धा घेत नाहीत. खुप्पा म्हणजे लग्नाचा मांडव. त्याखाली आशीर्वाद म्हटले जातात आणि द्राक्षारसाचा प्याला दोघांच्या ओठांना लागतो, तेव्हा उपास सुटतो. मग दोघांना थोडा वेळ एका खोलीत एकांत देतात. पती-पत्नी म्हणून पहिला घास ते तिथे खातात. बाहेर वऱ्हाड ताटकळत असते, पण त्या खोलीत कोणी शिरत नाही.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ही चाल येशूच्या काळापासूनची आहे, असे प्रवचनात सांगू नये. यहुद्यांच्या तालमूद ग्रंथात या उपासाचा नियम नाही. त्याचे स्पष्ट उल्लेख मध्ययुगातल्या जर्मनीत मिळतात. सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राकूव्हचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी तो आपल्या धर्मनियमांच्या टिपांत नोंदवला. सेफार्दी यहुद्यांत बरेच जण हा उपास करत नाहीत. लग्न हा वधूवरांचा सणच, मग सणाला उपाशी का राहावे, असे ते म्हणतात.

उपासाची कारणे मुख्यतः दोन सांगतात. पहिले क्षमेचे. लग्नाच्या दिवशी वधूवरांच्या पापांची क्षमा होते, अशी श्रद्धा आहे. त्याला आधार उत्पत्तीच्या पुस्तकाचा. एसावने इश्माएलच्या मुलीशी लग्न केले. अठ्ठाविसाव्या अध्यायात तिचे नाव महलथ आहे आणि छत्तिसाव्यात बासमथ. रब्बींनी विचारले, एकीला दोन नावे कशी? महलथ या नावात त्यांना क्षमेचा हिब्रू शब्द ऐकू आला. एसावसारख्यालाही लग्नाच्या दिवशी क्षमा मिळाली, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणून वधूवर त्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत योम किप्पूरची, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाची, पापकबुली म्हणतात. अनेक ठिकाणी वर किट्टेल नावाचा पांढरा झगा घालतो. योम किप्पूरला तोच घालतात आणि दफनाच्या वेळीही तसेच पांढरे वस्त्र असते. योम किप्पूर आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांनाही परका नाही. ते त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणत आले आहेत.

दुसरे कारण अगदी व्यवहाराचे आहे. लग्न लागण्याआधी वधूवरांनी मद्य घेऊ नये आणि संमती पूर्ण शुद्धीत द्यावी. आपली ख्रिस्तसभाही हेच शिकवते की विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने.

तिसरे कारण वर्म्स शहरातले रब्बी एलाझार यांनी दिले. प्रिय आज्ञा पाळण्याआधी पूर्वीचे भक्तिमान लोक उपास करत. विवाह हीसुद्धा तशीच प्रिय आज्ञा आहे, असे ते म्हणाले. याच वर्म्समध्ये 1096 साली क्रूसेडला निघालेल्या ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांची कत्तल केली होती. हे आपण वाचले पाहिजे आणि मान खाली घालून वाचले पाहिजे. शंभर वर्षांनी, 1196 साली, शस्त्रधारी माणसे एलाझार यांच्या घरात शिरली. त्यांची पत्नी डुल्सिया आणि दोन मुली मारल्या गेल्या. एलाझार यांनी पत्नीच्या आठवणीत शोकगीत लिहिले आणि त्यासाठी नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातल्या सद्गुणी स्त्रीचे वर्णन घेतले. आपल्याकडेही लग्नाच्या मिस्सेला तो अध्याय वाचतात. तो वाचताना यापुढे मला डुल्सिया आठवेल.

हे सगळे वाचताना माझी आजीही आठवली. तिचे लग्न 1940 च्या दशकातले. ती सांगायची, "लग्नाच्या दिवशी मिस्सा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही." आम्हाला ते लाजण्याचे लक्षण वाटायचे. पण तेव्हा ख्रिस्तशरीर घेणाऱ्या प्रत्येकाला मध्यरात्रीपासून उपास असे. 1953 साली पोप पायस बाराव्यांनी पाण्याला मोकळीक दिली, 1957 साली उपास तीन तासांवर आला आणि 1964 पासून तो एक तासाचा आहे. म्हणजे वेगळ्या नियमाने का होईना, आपल्या आज्या-आजोबांनीही लग्नाची सकाळ उपाशी काढली होती. आपण ते विसरलो.

माझे स्वतःचे सांगतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कुमसाराला गेलो, तेव्हा खिशात मंडपवाल्याची चिठ्ठी होती आणि मनात त्याचाच हिशेब. पापे सांगितली, क्षमा मिळाली, पण मी घाईत होतो. ती घाई अजून सलते.

ख्रिस्तसभेचा कायदा वधूवरांना लग्नाआधी पापनिवेदन करून ख्रिस्तशरीर घेण्याची आग्रहाने शिफारस करतो. म्हणून त्या मुलीला मी पुढच्या वर्गात सांगितले: उपास तुझ्यावर बंधनकारक नाही. चक्कर येईल असे काही करू नकोस. पण कुमसार आदल्या रात्रीवर टाकू नकोस, आठवडाभर आधी सावकाश ये. आणि लग्नाच्या सकाळी, मेकअपवाली यायच्या आधी, अर्धा तास फक्त देवासाठी ठेव.

ती म्हणाली, "सर, त्यालाही सांगा."

सांगितले आहे. तुम्हीही आपल्या घरातल्या वधूवरांना सांगा, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

हे प्रभो, कानाच्या लग्नाला तू आलास, तसाच आमच्या मुलांच्या लग्नालाही ये, आणि तुझ्यासाठी त्यांच्या मनात जागा राहू दे. आमेन.