विंडोजवरून लिनक्सवर जायचंय? आधी हे वाचा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि बरेच जुने प्रोसेसर त्याला चालत नाहीत. माझा कॉलेजचा लॅपटॉप त्यातलाच. आज त्यावर लिनक्स मिंट आहे आणि माझं रोजचं काम त्यावरच होतं.

लिनक्स म्हणजे काय?
लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि ॲप्स यांना जोडणारा गाभा. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच आहे. कर्नलवर मेनू, सेटिंग्ज, ॲप्स जोडून जे तयार पॅकेज मिळतं, त्याला डिस्ट्रो म्हणतात. नवख्यांसाठी मिंट सोपं: मेनू विंडोजसारखाच, फुकट आणि ४ जीबी रॅम पुरते.

काय चालतं, काय नाही?
क्रोम, फायरफॉक्स, व्हीएलसी, व्हॉट्सॲप वेब मस्त चालतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो. वर्डच्या फाइल्स लिबरऑफिसमध्ये उघडतात, पण कधीकधी मांडणी हलते. फोटोशॉप आणि एमएस ऑफिस थेट इन्स्टॉल होत नाहीत. व्हॅलोरंट तर विसराच. यातल्या एखाद्यावर तुमचं पोट असेल, तर विंडोज काढू नका.

कसं करायचं?
१. सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. दोन-चार फाइल्स उघडून बघा.
२. मिंटची आयएसओ फाइल डाउनलोड करून एचरने ८ जीबी पेनड्राइव्हवर टाका. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल.
३. बिटलॉकर सुरू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा.
४. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा. इन्स्टॉल न करताच मिंट चालू होतं. वाय-फाय, आवाज, कॅमेरा तपासा.
५. सगळं नीट चाललं, तरच इन्स्टॉल करा. विंडोजही ठेवायचं असेल तर 'विंडोजच्या बरोबरीने' हा पर्याय निवडा.

माझी चूक
मी पहिली पायरी गाळली. 'डी ड्राइव्ह तर वेगळा आहे' असं समजून 'डिस्क पुसा' हा पर्याय दाबला. सी आणि डी एकाच डिस्कचे भाग होते. कॉलेजच्या चार वर्षांचे फोटो गेले. मित्रांच्या फोनमध्ये होते तेवढेच परत मिळाले.

लिनक्स शिकायला मला आठवडा लागला. बॅकअपला अर्धा तास लागला असता. तेवढा वेळ तुम्ही नक्की काढा.