साधनाची वाट पाहणारा शोध

कित्येक कल्पना साधनाच्या आधीं जन्मास येतात व त्यांना वाट पाहत बसावें लागतें. होलोग्राफीचा इतिहास असाच आहे.

१९४७ सालीं इंग्लंडांतील रग्बी गांवीं डेनिस गाबोर हा हंगेरियन शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे दोष दूर करण्याच्या विचारांत होता. साधें छायाचित्र प्रकाशाची केवळ तीव्रता टिपतें. तरंगाचा माथा केव्हां आला व खळगा केव्हां, म्हणजेच तरंगाची कला, ती हरवते; आणि वस्तूची खोली तर त्या कलेंतच दडलेली असते. गाबोरनें युक्ति काढली : वस्तूवरून आलेल्या तरंगांत त्याच दिव्याचे सरळ आलेले तरंग मिळवावे. माथ्यावर माथा आल्यास प्रकाश वाढतो, माथ्यावर खळगा आल्यास मावळतो. या उजेड-अंधाराच्या पट्ट्या छायाचित्राच्या कांचेवर उमटल्या, कीं कलाहि टिपली जाते. पुढें तशाच प्रकाशांत ती कांच धरली असतां मूळ तरंग पुन्हां उभे राहतात.

मात्र दोन्ही तरंगांचा मेळ टिकला पाहिजे. हीच प्रकाशाची कलासंबद्धता. लेझीम खेळणाऱ्या मुलांचीं पावलें एका ठेक्यावर पडतात, बाजारांतील गर्दीचीं पडत नाहींत. साधा दिवा म्हणजे बाजारच! गाबोरपाशीं पाऱ्याचा दिवा होता. त्याच्या प्रकाशाचा ठेका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापुरताच टिके. तो प्रकाश सूक्ष्म छिद्रांतून गाळून त्यानें चित्र मिळविलें व १९४८ सालीं आपला विचार प्रसिद्ध केला. परंतु त्या चित्रावर त्याच्याच जुळ्या चित्राची छाया पडे. हळूहळू बहुतेकांनीं हा विषय सोडून दिला.

१९६० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत थिओडोर मायमन यानें माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर निर्माण केला. डिसेंबरांत हेलियम व निऑन वायूंचा लेसर सिद्ध झाला. एका ठेक्यावर दूरवर चालणारा प्रकाश आतां हातीं आला. मिशिगन विद्यापीठांतील एमेट लीथ व ज्युरिस उपाटनिक्स यांनीं दुसरा किरण तिरपा पाडून जुळ्या चित्राची अडचण दूर केली आणि १९६४ सालीं लेसरच्या साहाय्यानें खेळण्यांतील आगगाडीचें घन चित्र दाखविलें. पाहणाऱ्यानें मान कलती केली, कीं आड लपलेला भाग दिसूं लागे!

१९७१ सालीं गाबोरला नोबेल पारितोषिक मिळालें. योग्य दिवा नाहीं म्हणून त्यानें आपला विचार मनांत ठेवला नव्हता. अपुऱ्या साधनानें जेवढें सिद्ध होईल तेवढें करून तो जगापुढें मांडावा, हाच या इतिहासाचा बोध होय.